तीन ते पाच

आज विजेचा दर सत्तर सेंट.
बाहेर उणे अठ्ठावीस, आणि वाऱ्याची
दातखीळ बसलेली.
कायानी गावात हे गणित पोराटोरांनाही पाठ:
वारा नाही तर समुद्रकाठची पाती फिरत नाहीत,
पाती फिरत नाहीत तर माझी कॉफीसुद्धा महाग.

मी इर्मेली केम्पाइनेन.
एकतीस वर्षं शाळेचे हिशेब लिहिले,
आता चौकटीच्या वहीत स्वतःचे लिहिते.
न्हाणीघराची जमीन तापवणं बंद: रोज चार युनिट.
फ्रीज भिंतीपासून चार बोटं पुढे.
युहोच्या खोलीचं दार ऑक्टोबरात लावलं,
शिवणाच्या खोलीचं नोव्हेंबरात,
दारांखाली जुनी घोंगडी गुंडाळून सारली.
घर आक्रसत आक्रसत
स्वयंपाकघराएवढं उरलं.
त्यात एक खुर्ची,
एकावर एक दोन पायमोजे,
आणि मी.

शनिवारचा सौना बंद केला तेव्हा मात्र
आकडा लिहिताना पेन्सिलीचं टोक मोडलं.
नऊ युनिट. एकटीच्या घामासाठी नऊ युनिट!
बहीण फोनवर म्हणाली, उद्या श्वासही मोजशील.
मोजतेच.
या थंडीत तो दिसतो.

मंगळवारी रात्री फोन चमकला:
तीन ते पाच, दर उणे.
म्हणजे तारेचं भाडं आणि कर धरूनही
जवळजवळ फुकट.
असं वाचल्यावर माझ्यासारखीला झोप कसली!
राईचं पीठ आंबवून ठेवलेलंच होतं,
कपड्यांनिशी गादीवर पडले.

अडीचला वारा आला.
आधी छपरावरचा बर्फ कुजबुजला,
मग टपालपेटीचं झाकण वाजलं.
आईच्या काळी अशा आवाजाला लोक दचकायचे;
मी उठून ओव्हनला पाव लावायची तयारी केली,
आणि तीनच्या ठोक्याला वॉशिंग मशीन.

समोर तोलोनेनच्या खिडकीत दिवा.

अकरा वर्षं आमचं बोलणं नाही.
त्याने कुंपणावरचा बर्च तोडला,
मी पत्र लिहिलं,
उत्तरादाखल त्याने माझ्या दारातला बर्फ उपसणं सोडलं.
इतकंच. अकरा वर्षांना इतकंच पुरतं.
तर तो तोलोनेन, पहाटे तीनला,
यंत्राच्या रंध्याने फळ्या तासत उभा,
दाढीचे खुंट, खांद्यावरून लोंबणारे गॅलिस,
अंगभर भुसा.
चोरी थोडीच होती,
तरी दोघंही पकडल्यासारखे
काचेतून बघत राहिलो.
त्याने एक बोट वर केलं. वाऱ्याकडे? दराकडे?
मी सौनाच्या दाराकडे मान हलवली.
का, ते वहीत नाही.

आधी तो, मग मी.
तो बाहेर आला तेव्हा टाळूतून वाफ निघत होती,
चढणीवर तापून थांबलेल्या ट्रकसारखी.
"उणे शून्य पूर्णांक चार," तो म्हणाला.
"पाचपर्यंत," मी म्हणाले.
एवढं बोलून त्याला दम लागला असावा.
पावाचा एक तुकडा उभ्यानेच खाऊन गेला.

आत फळी अजून ओली.
पाणी ओतलं, दगडांनी हुंकार दिला.
कोपऱ्यात बादलीत बर्चच्या फांद्यांची जुडी,
जूनमध्ये बांधून फ्रीजरमध्ये जपलेली,
गरम पाण्यात पानं पुन्हा वास देऊ लागलेली.
तोडल्या बुंध्यालाही फुटवे येतात.
मी विचारलं नाही, कुठल्या झाडाची.

साडेपाचला दर पुन्हा चढू लागला.
सगळे दिवे मालवले,
ओल्या केसांनी ओव्हनच्या उबेला बसले,
अंधारात चाचपडत वही उघडली.
नऊ युनिट, भागिले दोन.
समासात तोलोनेन लिहिलं. खोडलं.
मग पुन्हा लिहिलं, जरा बारीक अक्षरात:
पुढचा वारा त्याच्याकडे.